मूर्ती लहान, कीर्ती महान
पैलवान म्हटलं की सहा फुटी दांडगा गडी डोळ्यांसमोर येतो. पण स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून दिलं ते लहान चणीच्या खाशाबा जाधवांनी.

त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळे कुस्ती घरातच होती. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा ५२ किलो गटात सहावे आले. मातीत घडलेल्या या गड्याला मॅट तेव्हा नवीनच होती! १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणलं.

यामागे आपलं मेकॅनिक्सही आहे बरं का. उंची कमी असली की गुरुत्वमध्य खाली राहतो, मग माणूस सहज उलथत नाही. खाशाबांचा हुकमी डाव ढाक. त्यात समोरच्याची मान धरून त्याला फेकतात. गडी उंच असेल तर त्याचीच उंची आपली तरफ होते.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावचा. आमच्याकडे उंचीने कमी असलेली पोरं व्यायामशाळेत मागेच उभी राहतात. सुट्टीत गेलो की त्यांना खाशाबा सांगायचेत.