एसीचा शोध लागला तो छापखान्यासाठी! विलिस कॅरियरची गोष्ट

एसी म्हटलं की आपल्या डोक्यात एकच गोष्ट येते – थंडगार हवा. मीही तसंच समजायचो. कमर्शियल एसीच्या मेंटेनन्सचं काम शिकत होतो, तेव्हा पावसाळ्यात एका छापखान्यातून तक्रार आली. खोली थंड आहे, पण छपाईचे रंग एकमेकांवर बसत नाहीत. मनात म्हटलं, रंगांचा आणि एसीचा काय संबंध? थर्मोस्टॅट 24 दाखवत होता. मी ‘एसी ओके’ लिहिलं, सही घेतली आणि निघालो. दोन दिवसांनी पार्टीचा अख्खा लॉट वाया गेला.

ही चूक कळली ती विलिस कॅरियर या माणसाबद्दल वाचल्यावर. लाज वाटली, खरंच.

विलिसचा जन्म 26 नोव्हेंबर 1876 चा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळचा. शेतकऱ्याघरचा एकुलता एक मुलगा. शाळेत अपूर्णांक काही केल्या डोक्यात शिरेनात. मग आईने सफरचंदं आणायला लावली आणि ती कापून अर्धा, पाव, अष्टमांश असं समजावलं. ही आई घरातली घड्याळं, शिवणयंत्रंही स्वतः दुरुस्त करायची. विलिस 11 वर्षांचा असतानाच ती गेली. पण अवघड प्रश्न आला की त्याचे तुकडे करायचे, ही सवय त्याला आयुष्यभर राहिली.

घरची परिस्थिती बेताचीच. स्कॉलरशिप मिळवून आणि पडेल ते काम करून तो कॉर्नेल विद्यापीठात इंजिनियर झाला. 1901 साली बफेलो शहरातल्या ‘बफेलो फोर्ज’ कंपनीत लागला, पगार आठवड्याला 10 डॉलर. तिथे त्याला एक गोष्ट खटकली. हीटर किती मोठा लावायचा, हे लोक अंदाजानेच ठरवत होते. याने कॉइलवरून हवा सोडून, मोजमापं घेऊन तक्ते तयार केले. कंपनीचे एका हंगामात सुमारे 40 हजार डॉलर वाचले, असं सांगतात.

आणि मग 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्याचं काम आलं. नाव सॅकेट-विल्हेम्स. प्रॉब्लेम? हुबेहूब माझ्यावालाच! हवेत दमटपणा वाढला की कागद ओलावा शोषून फुगतो, कमी झाला की आकसतो. रंगीत छपाईत कागद मशीनमधून पुन्हा पुन्हा जातो. मधल्या वेळात तो केसभर जरी वाढला, तरी पिवळ्यावर लाल नीट बसत नाही. म्हणजे त्यांना हवा थंड करून नको होती, आर्द्रता वर्षभर 55 टक्क्यांवर धरून हवी होती. कॅरियरने थंड पाण्याच्या कॉइल वापरून यंत्रणा आखली. त्या ड्रॉइंगवरची 17 जुलै 1902 ही तारीख आज एसीचा वाढदिवस मानली जाते. तेव्हा तो 25 वर्षांचा होता.

खरी ट्यूब पेटली ती पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर. रात्रीची वेळ, सगळीकडे धुकं. त्याच्या लक्षात आलं, ही हवा ओलाव्याने पूर्ण भरलीये, पण गार असल्यामुळे एकूण पाणी कमीच आहे. मग यंत्रात असंच धुकं बनवायचं. हवेवर पाण्याचा फवारा मारायचा, पाण्याचं तापमान आपल्या हातात ठेवायचं आणि नंतर हवा पुन्हा हवी तेवढी गरम करायची. गार पाण्याच्या थेंबांवर हवेतली वाफ जमते, म्हणजे चक्क पाण्याने हवा सुकवायची! ऐकायला उलटं वाटतं, पण चालतं. 1906 मध्ये पेटंट मिळालं. 1911 मध्ये त्याने तापमान आणि आर्द्रतेचं गणित इंजिनियर मंडळींपुढे मांडलं. आम्ही आजही जो सायक्रोमेट्रिक चार्ट उघडतो, त्याच्या मुळाशी हेच गणित आहे.

पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि कंपनीने हा विभाग गुंडाळायचं ठरवलं. कॅरियर आणि आणखी सहा इंजिनियर्सनी 32,600 डॉलर जमवले आणि 1915 मध्ये स्वतःची कंपनी काढली. 1922 मध्ये सेंट्रिफ्यूगल चिलर आला. जुन्या मशीनमध्ये अमोनिया असायचा, गळती झाली तर जिवावर बेतायचं. हे मशीन आटोपशीर आणि जास्त सुरक्षित होतं, त्यामुळे गर्दीच्या ठिकाणी बसवता आलं. 1925 साली न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये प्रेक्षक हातपंखे घेऊनच आले होते. मशीन उशिरा सुरू झालं, सगळे पंखे हलवत बसले. कॅरियरची काय हालत झाली असेल! हळूहळू हवा बदलली आणि एकेक पंखा खाली गेला.

आता माझ्या छापखान्याकडे येऊ. दुसऱ्यांदा सिनियरसोबत गेलो, पॅनल उघडलं. फिल्टर धुळीने गच्च. हवा पुरेशी जात नव्हती, म्हणून कॉइलवर बर्फ धरत होता. मशीन बंद झालं की तो वितळायचा, पण ड्रेनची नळी शेवाळाने तुंबलेली. ट्रे काठोकाठ भरला होता आणि ब्लोअर तेच पाणी परत खोलीत उडवत होता. आर्द्रता मोजली, 70 च्या वर! फिल्टर धुतले, कॉइल साफ केली, नळी मोकळी केली. दीड तासाचं काम. दर महिन्याला झालं असतं तर तो लॉट वाया गेला नसता. आणि मी पहिल्याच दिवशी पॅनल उघडलं असतं तरी.

कॅरियर 7 ऑक्टोबर 1950 रोजी वारला, घरोघरी एसी पोचायच्या आधीच. माझ्या बॅगेत आता दोन थर्मामीटरवाला सायक्रोमीटर असतो. एकाच्या टोकाला ओलं कापड गुंडाळायचं आणि खुळखुळ्यासारखा गरगर फिरवायचा. ऑफिसातले लोक बघून हसतात. दोन्ही आकडे टिपले की मगच सर्व्हिस शीटवर सही घेतो.