लाटणं, गंधक आणि चिकाटी

वेणीला लावायचं रबर आपण कितीही ताणतो, सोडलं की पुन्हा जागच्या जागी! उन्हाळ्यात ते पाघळत नाही, थंडीत तडकत नाही. पण यापायी एका माणसाचं अख्खं आयुष्य आणि त्याच्या बायकोचा संसार पणाला लागला होता.

चार्ल्स गुडइयर यांचा जन्म १८०० साली अमेरिकेतल्या न्यू हेवनचा. १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचरशी लग्न झालं. पुढे फिलाडेल्फियातलं लोखंडी सामानाचं दुकान बुडालं आणि कर्जापायी तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. त्या काळी झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराच्या वस्तू उन्हाळ्यात चिकट लगदा व्हायच्या, हिवाळ्यात कडक. यावर उपाय शोधायचाच, हे चार्ल्सनी मनावर घेतलं. तुरुंगातसुद्धा क्लॅरिसाने आणून दिलेल्या लाटण्याने ते रबर लाटत बसायचे! घरातल्या वस्तू गेल्या, मुलांची शाळेची पुस्तकंही विकली गेली. काही मुलं तर लहानपणीच दगावली. टपालाच्या पिशव्यांचं सरकारी काम मिळालं, पण उन्हाळ्यात त्या पिशव्याच पाघळल्या.

रबरात गंधक मिसळायची युक्ती नॅथॅनिएल हेवर्ड यांच्याकडून मिळाली. १८३९ मध्ये असं रबर चुकून तापलेल्या शेगडीला लागलं आणि काय आश्चर्य, ते वितळलंच नाही! चामड्यासारखं करपलं, कडेला मात्र लवचिक राहिलं. मग आच किती, वेळ किती, हे जमवण्यात आणखी काही वर्षं गेली.

यामागचं शास्त्र आपल्या विणकामासारखंच. रबराचे रेणू म्हणजे लांबलचक सुटे धागे. उष्णतेने ते एकमेकांवरून घसरतात. गंधकासह तापवलं, की गंधकाचे अणू धाग्याला धागा जागोजागी जोडतात. मग ताणलं तरी वीण उसवत नाही. गंधकाचं प्रमाण कमी असेल तर रबर लवचिक. खूप वाढवलं तर कंगव्याच्या एबोनाइटसारखं कडक.

१८४४ मध्ये पेटंट मिळालं. पण नक्कल करणारे पुष्कळ! १८५२ चा मोठा खटला जिंकूनही कोर्टकचेऱ्यांचा खर्च काही सुटला नाही. १८५३ मध्ये क्लॅरिसा गेली. १८५५ मध्ये फ्रान्सच्या बादशहाने सन्मान दिला, तेव्हा चार्ल्स पॅरिसमध्ये कर्जासाठी कैदेत होते. १ जुलै १८६० रोजी ते वारले, डोक्यावर सुमारे २ लाख डॉलरचं कर्ज ठेवून.

टायरवर दिसणारं 'गुडइयर' हे नाव १८९८ मध्ये निघालेल्या कंपनीने त्यांच्या गौरवासाठी घेतलं. घराण्याचा त्या कंपनीशी संबंध नव्हता. क्लॅरिसाचं नाव मात्र कशावरच नाही. निदान वेणीचं रबर ताणताना आपण तरी तिची आठवण ठेवूया!