शिंप्याचा भ्रम आणि डॉ. पिनेल

मनोरुग्णांच्या साखळ्या काढणारे डॉक्टर म्हणून फिलिप पिनेल ओळखले जातात. प्रत्यक्षात पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातील साखळ्या १७९७ मध्ये काढल्या त्या तिथले व्यवस्थापक पुसँ यांनी. पिनेल यांनी सालपेत्रिएर या स्त्रियांच्या रुग्णालयात तोच पायंडा पाडला. पण त्यांचे त्याहून मोठे काम म्हणजे ते रुग्णाशी बोलत बसत आणि त्याची हकिगत लिहून ठेवत.

पिनेल यांचा जन्म १७४५ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये, वैद्यकी करणाऱ्या घरात झाला. एका जवळच्या मित्राला मानसिक आजार होऊन त्याचा अंत झाला, तेव्हा ते या आजारांकडे वळले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ मध्ये, त्यांची बिसेत्रमध्ये नेमणूक झाली.

तिथे एक शिंपी दाखल झाला. राजाच्या शिरच्छेदाबद्दल तो काही बोलून गेला होता. आता आपलीही मान गिलोटिनखाली जाणार, या धास्तीने त्याची झोप, भूक, काम सारे सुटले. पिनेल यांनी त्याला इतर रुग्णांचे कपडे शिवायला दिले आणि तो सावरला. भीती परतली, तेव्हा त्यांनी खोटी चौकशी घडवून आणली. तरुण डॉक्टर काळे झगे घालून न्यायाधीश झाले आणि त्यांनी त्याला निर्दोष ठरवले. भ्रम ओसरला. पुढे ते नाटक होते हे कोणीतरी त्याला सांगितले आणि आजार उलटला. पिनेल यांनी हे अपयश लपवले नाही, ग्रंथात नोंदवले. १८२६ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्किझोफ्रेनिया हा शब्द १९०८ मध्ये आला. त्यामुळे शिंप्याला तोच आजार होता, असे म्हणता येत नाही. मात्र त्याच्या हकिगतीतला धडा आजच्या कॉग्निटिव्ह थेरपीत दिसतो. स्किझोफ्रेनियातील भ्रम आणि भास यांसाठी ती सहसा औषधांच्या जोडीने दिली जाते. थेरपिस्ट रुग्णाचा समज खोडत नाही आणि त्याला मान डोलावतही नाही. लोक आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटत असेल, तर ते कशावरून, दुसरे काही कारण असेल का, हे दोघे मिळून तपासतात. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत अशा किमान १६ बैठका सुचवल्या आहेत. फायदा मर्यादित असतो आणि सर्वांना सारखा होत नाही.

घरात कोणाला असा भ्रम असेल, तर वाद घालू नये आणि खोटी समजूतही काढू नये. त्याची भीती खरी आहे हे मान्य करावे आणि मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्यावी. औषधे मनाने बंद करू नयेत.