गाडगेबाबा : छपराबाहेर राहिलेला निवाऱ्याचा शिल्पकार

अमेरिकेतील अनेक उपनगरांत थंडीचे दिवस सुरू झाले की चर्च आणि अन्य प्रार्थनास्थळे आळीपाळीने आपली सभागृहे रात्रीपुरती बेघरांसाठी उघडतात. संध्याकाळी गाद्या अंथरल्या जातात, गरम जेवण वाढले जाते आणि सकाळी सारे आवरून माणसे पुन्हा बाहेर पडतात. त्यांच्यात दिवसा नोकरी करून रात्री मोटारीत झोपणारे असतात, तसेच आजारपणाच्या खर्चात घर गमावलेले असतात. नीटनेटक्या हिरवळींच्या या वस्त्यांत बेघर माणूस सहसा दृष्टीस पडत नाही; म्हणून तो नाहीच, असे आपण सोयीस्करपणे धरून चालतो. याच ऋतूत, २० डिसेंबरला, गाडगेबाबांचा स्मृतिदिन येतो.

आपल्यापैकी बहुतेकांना गाडगेबाबा आठवतात ते हातातल्या खराट्यामुळे. शाळेतल्या पुस्तकाने आणि स्वच्छतेच्या मोहिमांनी तीच प्रतिमा पक्की केली. परंतु त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग निवारे उभारण्यात खर्ची पडला, हे काहीसे मागे पडले आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात झाला. दारूने वडिलांचा अकाली बळी घेतला आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या आपल्या माहेरी आली. परक्या घराच्या आश्रयाने वाढणे म्हणजे काय, हे त्यांना असे बालपणीच कळले. मामाच्या घरी त्यांनी गुरे राखली, नांगर धरला आणि उत्तम शेतकरी असा लौकिक मिळवला. पण निरक्षर मामाची जमीन सावकाराच्या कागदांत अडकली. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्याच्या एका ठशाने पिढ्यांची शेती कशी जाते, हे डेबूजींनी जवळून पाहिले. घर मोडते ते आधी कर्जाने, व्यसनाने आणि अज्ञानाने. छप्पर कोसळते ते त्यानंतर. पुढे हजारो कीर्तनांतून त्यांनी याच तीन गोष्टींवर घाव घातले. ऋण काढून सण साजरे करू नयेत आणि मुलांना शाळेत घालण्यात कसूर करू नये, असे ते लोकांना परोपरीने विनवीत राहिले.

१८९२ मध्ये त्यांचा कुंताबाईंशी विवाह झाला. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची प्रथा मोडून त्यांनी गोडधोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंद नाराज झाले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. मागे आई, पत्नी आणि लेकरे राहिली. या निर्णयाची किंमत त्या घरातल्या बायकांनी मोजली, हे चरित्र सांगताना विसरता येत नाही.

पुढची बारा वर्षे ते भटकले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मडक्याचे फुटके खापर. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले. असा माणूस गावात शिरला की कुत्री भुंकत, पोरे दगड मारीत आणि दारे बंद होत. बेघर माणसाकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो, याचा अनुभव त्यांनी स्वतःच्या देहावर घेतला. ज्या गावाने हाकलले, त्या गावाचे रस्ते ते झाडून काढीत आणि श्रम केल्याखेरीज भाकरीला हात लावीत नसत.

या भटकंतीत पंढरपूरची वारी होती. आषाढीला लाखो माणसे तेथे जमत, तीही ऐन पावसाळ्यात. मठ आणि धर्मशाळा होत्या. मात्र अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना त्यांत प्रवेश नव्हता. देवळाचे दारही त्यांना १९४७ मध्ये खुले झाले. तोवर शेकडो मैल चालून आलेली ही माणसे चंद्रभागेच्या वाळवंटात, उघड्यावर, चिखलात रात्र काढीत. गावात इमारती असूनही ती बेघर होती, कारण त्यांना आत घ्यायला कोणी तयार नव्हते. गाडगेबाबांनी १९१७ मध्ये पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. सातशे वर्षांपूर्वी ज्या संताला देवळाबाहेर राहावे लागले, त्याचेच नाव त्यांनी या निवाऱ्याला दिले. १९४९ मध्ये ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

त्यानंतर नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. अन्नछत्रे, शाळा, वसतिगृहे, गोरक्षण संस्था निघाल्या. गरज जेथे प्रत्यक्ष उभी राहते तेथेच निवारा हवा, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून तीर्थक्षेत्रांप्रमाणेच त्यांची नजर इस्पितळांकडे गेली. खेड्यातून रुग्णाला मुंबईला आणणाऱ्या नातलगांना रात्री डोके टेकायला जागा नसे. अशांसाठी जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. पैसा कीर्तनांतून, श्रीमंत व्यापाऱ्यांकडून आणि गरिबांच्या आण्या-पैशांतून येई. तो त्यांच्या झोळीत मुक्कामाला राहत नसे. थेट विटा-चुन्यात जाई.

या साऱ्या इमारतींवर त्यांनी स्वतःचा हक्क ठेवला नाही. कारभार विश्वस्तांकडे सोपवला आणि आपल्या नात्यागोत्यातील कोणालाही त्यांत अधिकार नाही, अशी व्यवस्था केली. स्वतः ते झाडाखाली किंवा झोपडीत राहत. कुटुंबालाही धर्मशाळांचा लाभ त्यांनी घेऊ दिला नाही. एकुलता मुलगा गोविंद वारल्याची वार्ता कीर्तनात येऊन पोचली, तेव्हाही त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हा कठोरपणा आपल्याला आज पेलणार नाही, कदाचित पटणारही नाही. परंतु त्यामुळेच त्यांच्या हातात पैसा देताना कोणाला शंका आली नाही.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेल्या कामाला एक छत्र मिळाले. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबांनी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर, पेढी नदीच्या पुलाजवळ देह ठेवला. बेघरपणे जगलेल्या माणसाचा शेवट वाटेवरच झाला.

काम मात्र थांबले नाही. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारांसाठी देशभरातून माणसे येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात, मुंबईतले भाडे परवडत नाही आणि अनेक कुटुंबे पदपथावर दिवस काढतात. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आणि त्यांच्या आप्तांना आसरा देते. तेथे राहणाऱ्या कित्येकांचे गावाकडे घर असते. आजाराने त्यांना शहरात बेघर केलेले असते.

आपणही गाव सोडून आलेले लोक आहोत. पण नोकरी, व्हिसा आणि बँकेचे कर्ज यांच्या बळावर आपल्याला दार उघडणारे कोणी ना कोणी भेटले. आपल्याच उपनगरातील सभागृहात रात्री झोपणाऱ्याला ते भेटले नाही, एवढाच काय तो फरक. दरवर्षी स्मृतिदिनाला प्रतिमेस हार घालणारी मंडळे परदेशातही आहेत. यंदा त्यांनी जवळच्या निवारा केंद्रात नाव नोंदवावे. देणगी तर हवीच. पण पहाटे गाद्या गुंडाळून सभागृह झाडायलाही तेथे माणसे लागतात.