आसफ फैजी : नियमामागचा हेतू शोधणारे कायदेपंडित



आपल्या तेल्हाऱ्यात सुताराकडून खाट करून घ्यायची तर आपण आधी इसार देतो. खाट अजून तयार नाही, तरी सौदा पक्का! इस्लामी कायद्याच्या काटेकोर तर्काने, जी वस्तू अजून नाहीच तिची विक्री होत नाही. पण लोकांची गरज आणि रूढी पाहून हनफी पंडितांनी असा सौदा मान्य केला. नियम जसाच्या तसा लावल्यास अडचण होते, तिथे न्यायाला जवळचा मार्ग निवडणे म्हणजे ‘इस्तिहसान’. आणि धर्म, जीव, बुद्धी, वंश व मालमत्ता यांचं रक्षण हे कायद्याचे मोठे हेतू म्हणजे ‘मकासिद’.

हा कायदा आयुष्यभर शिकवणारे आणि तपासणारे आसफ अली असगर फैजी आपल्या महाराष्ट्रातलेच. जन्म १८९९, माथेरान. घराणं सुलेमानी बोहरा. मुंबई आणि केंब्रिजला शिकून ते बॅरिस्टर झाले व मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. १९३८ मध्ये ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

पुढच्याच वर्षी एक महत्त्वाचा कायदा आला. नवरा बेपत्ता झाला तर बाईनं काय करावं? जुन्या हनफी मतानुसार, तो नव्वद वर्षांचा झाला असता तोपर्यंत तिनं वाट पाहायची. म्हणजे ती ना सधवा, ना विधवा. पोटापाण्याचीही सोय नाही. मालिकी पंथात मात्र मुदत चार वर्षांची होती. अडचणीच्या वेळी दुसऱ्या पंथाचं मत घेता येतं, असं मौलाना अश्रफ अली थानवी यांच्यासारख्या हनफी विद्वानांनीही मांडलं. त्या आधारावर १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला आणि अशा बाईला चार वर्षांनंतर कोर्टात दाद मागता येऊ लागली. नियम बदलला, पण हेतू राखला गेला.

फैजींनी १९४९ च्या आपल्या मुस्लिम कायद्यावरील ग्रंथात हे सगळं विद्यार्थ्यांना उलगडून सांगितलं. तो ग्रंथ आजही वकील वापरतात. पुढे ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत आणि काश्मीरमध्ये कुलगुरू झाले. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९६३ च्या पुस्तकात त्यांनी धर्म आणि कायदा वेगळे ओळखावेत, कायदा काळाप्रमाणे बदलतो, असं मांडलं. ते सगळ्यांना पटलं नाही, पण फैजी आपल्या मतावर ठाम राहिले. १९८१ मध्ये त्यांचं निधन झालं.

वर्गात हा पाठ घेताना मुलांना एकच विचारा. उशिरा येणाऱ्याला बाहेर उभं करायचं, हा आपला नियम. पण नाल्याला पूर आला म्हणून एखादीला उशीर झाला, तर? हा नियम मुळात कशासाठी केला होता, ते मुलांनाच शोधू द्या.