आधी बघा, मग हात लावा : मेंदूतल्या रक्तवाहिन्या दाखवणारे डॉ. एगास मोनिझ

लिस्बन, 28 जून 1927. सांता मार्ता हॉस्पिटलात विशीतला एक तरुण टेबलावर झोपलेला. पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीचा पेशंट. त्याच्या गळ्याची धमनी मोकळी करून तिच्यात सोडियम आयोडाइडचं द्रावण सोडलं आणि लगेच एक्स-रे काढला. फिल्म धुऊन उजेडाला धरली, तर मेंदूतल्या धमन्या झाडाच्या फांद्यांसारख्या स्पष्ट उमटलेल्या! गाठीने त्या बाजूला सारल्या होत्या, तेही दिसत होतं. जिवंत माणसाची कवटी न उघडता तिच्या आतल्या रक्तवाहिन्या बघण्यात डॉ. एगास मोनिझ यांना यश आलं होतं. त्यांचं वय तेव्हा 52.

29 नोव्हेंबर 1874 रोजी पोर्तुगालमधल्या अवांका या गावी त्यांचा जन्म झाला. कोइम्ब्रा विद्यापीठात ते डॉक्टर झाले, 1911 मध्ये लिस्बनला न्यूरोलॉजीचे प्राध्यापक झाले. पण बरीच वर्षं राजकारणात गेली. संसदेत निवडून आले, स्पेनमध्ये राजदूत झाले, 1918 मध्ये परराष्ट्रमंत्री झाले आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेलाही गेले. गोव्यावर तेव्हा लिस्बनचाच अंमल. म्हणजे आजच्या गोवेकरांच्या पणजोबांवर राज्य करणाऱ्या सरकारातला हा मंत्री! पुढे राजकारण सोडून ते पुन्हा रुग्णांकडे वळले.

तरुणपणीच जडलेल्या गाऊटमुळे त्यांची बोटं वाकडी झाली होती. स्वतःच्या हाताने ऑपरेशन करणं त्यांना जमत नसे. डोकं मोनिझांचं आणि हात त्यांचे तरुण सहकारी पेद्रू आल्मेइदा लिमा यांचे, अशी ही जोडी. आधी कुत्र्यांवर आणि मृतांच्या डोक्यांवर प्रयोग झाले. मग जिवंत रुग्णांवर स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरून पाहिलं. त्यात एक रुग्ण दगावला. मोनिझांनी ते द्रावण बंद करून सोडियम आयोडाइड घेतलं आणि मग तो जूनचा दिवस उजाडला. आज आपण ज्याला सर्रास अँजिओग्राफी म्हणतो, ती मेंदूसाठी अशी सुरू झाली.

याचं मोल कळायला एव्हीएम हा आजार समजून घेऊया. आपल्या शरीरात धमनीतलं जोरकस रक्त आधी केसाहून बारीक केशवाहिन्यांत पसरतं, तिथे त्याचा जोर ओसरतो आणि मग ते शिरेत जातं. एव्हीएममध्ये या केशवाहिन्याच नसतात. धमन्या आणि शिरा फणीत अडकलेल्या गुंतवळासारख्या एकमेकींत गुरफटतात. धमनीचा सगळा दाब थेट शिरेवर येतो आणि तो सोसायला शिरेची भिंत बनलेलीच नसते. ती फुगते, कधीतरी फुटते. न फुटलेल्या आणि फुटलेल्या अशा सगळ्या एव्हीएमचा हिशेब घेतला, तर दरवर्षी शंभरातल्या साधारण 2 ते 4 जणांना रक्तस्राव होतो. एकदा रक्तस्राव झालेल्यांना हा धोका जास्त.

मोनिझांच्या आधी सर्जन गाठ समजून कवटी उघडायचे आणि समोर हा धडधडता गुंता यायचा. हात लावला तर रक्त थांबेना. अमेरिकेत हार्वे कुशिंग आणि वॉल्टर डँडी यांनी 1928 मध्ये असे रुग्ण नोंदवून ठेवले. गुंत्याला रक्त कुठून येतं आणि कुठे जातं, हे आधीच दिसायला लागल्यावर चित्र बदलत गेलं. स्टॉकहोमचे हर्बर्ट ओलिव्हेक्रोना यांनी 1932 मध्ये असा एक गुंता पूर्ण काढून दाखवला. पुढे अँजिओग्राफी ही त्यांच्या कामातली रोजची गोष्ट झाली.

पण हेच मोनिझ दुसऱ्या एका वाटेनेही गेले. नोव्हेंबर 1935 मध्ये त्यांनी मानसिक रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडण्याचं ऑपरेशन सुरू केलं. पहिल्या 20 रुग्णांवरून, थोड्याच महिन्यांच्या निरीक्षणावर, त्यांनी यश जाहीर केलं. इथे फिल्मवर दिसणारं काही नव्हतं. नेमकं काय बिघडलंय आणि आपण काय कापतोय, याचा अंदाजच होता. पुढे जगभर हजारोंची लोबोटोमी झाली. कित्येकांचं माणूसपण हरवलं. गंमत नव्हे, दुर्दैव असं, की अँजिओग्राफीसाठी नाव सुचवूनही न मिळालेलं नोबेल त्यांना 1949 मध्ये या ऑपरेशनसाठी मिळालं. समारंभात त्यांच्या कामाचं कौतुक करायला उभे होते तेच ओलिव्हेक्रोना.

अँजिओग्राफीचीही किंमत रुग्णांनी मोजली. 1931 पासून मोनिझांनी थोरोट्रास्ट नावाचं द्रावण वापरायला घेतलं. फिल्म सुरेख यायची, पण त्यातलं किरणोत्सारी थोरियम यकृतात कायमचं साठून राहायचं. अनेकांना वर्षांनी कॅन्सर झाला.

13 डिसेंबर 1955 रोजी लिस्बनमध्ये मोनिझ गेले. 2018 मध्ये संशोधकांना अनेक एव्हीएममधल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींत केरास या जनुकातला बदल सापडला. तो बदल आईवडिलांकडून येत नाही, फक्त त्या गुंत्यातल्या पेशींत असतो. औषधाने गुंता आवरता येईल का, याचा शोध त्यामुळे सुरू झाला. तोवर डॉक्टरांसमोरचा प्रश्न जुनाच आहे : न फुटलेल्या गुंत्याला हात लावायचा, की नुसतं लक्ष ठेवायचं? उपचारातही धोका असतो. म्हणून निर्णयाआधी अजूनही मोनिझांच्याच तपासणीची सुधारलेली आवृत्ती करतात.

घरात कुणाला अचानक असह्य डोकेदुखी झाली, तरण्याताठ्या माणसाला पहिल्यांदाच फिट आली, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. आत काय आहे ते बघायची सोय आज आहे. मोनिझांनी ती दिली, आणि न बघता हात घातला की काय होतं, हेही त्यांच्याच आयुष्याने दाखवलं.