वाफेतील उष्णता वाचविणारे नॉर्बर्ट रिलियू

वाया जाणारी उष्णता पुन्हा कामाला लावण्याचा विचार आज प्रत्येक प्रक्रिया उद्योगात केला जातो. साखर उद्योगात त्याचा पाया घातला तो नॉर्बर्ट रिलियू या अभियंत्याने. मात्र ज्या समाजाला या संशोधनाने समृद्ध केले, त्या समाजाने त्यांना बरोबरीचे स्थान कधीच दिले नाही.

रिलियू यांचा जन्म १७ मार्च १८०६ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे झाला. वडील गोरे व सधन. आई गुलामगिरीबाहेरील, स्वतंत्र कृष्णवर्णीय समाजातील. शिक्षणासाठी त्यांना पॅरिसला पाठविण्यात आले. वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी ते तेथे अभियांत्रिकीचे अध्यापन करू लागले. वाफेच्या काटकसरीचा त्यांचा अभ्यासही तेथेच सुरू झाला.

त्या काळी लुइझियानातील मळ्यांवर उसाचा रस उघड्या काहिलींमध्ये आटविला जाई. उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एका काहिलीतून दुसरीत ओतण्याचे काम गुलामांकडे असे. भाजण्याचे अपघात नेहमीचे होते. लाकूडफाटा प्रचंड लागे आणि रसाची वाफ हवेत विरून जाई.

रिलियू यांनी ही वाफच इंधनासारखी वापरली. दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळते. या नियमाच्या आधारे त्यांनी बंद पात्रांची मालिका रचली. पहिल्या पात्रातील रसाची वाफ दुसऱ्या, अधिक निर्वात पात्राला तापवी. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला. अशा तीन पात्रांत एक किलो वाफेवर सुमारे तीन किलो पाणी आटविणे तत्त्वतः शक्य झाले. मंद आचेमुळे साखर करपेना आणि तिचा दर्जाही सुधारला. १८४३ आणि १८४६ मध्ये त्यांना या यंत्रणेचे पेटंट मिळाले.

मळेवाल्यांचा नफा वाढला; गुलामांच्या हातची पळी सुटली, पण गुलामगिरी सुटली नाही. रिलियू यांनी न्यू ऑर्लिन्सच्या सांडपाणी व्यवस्थेसाठी मांडलेली योजनाही स्वीकारली गेली नाही. १८५० च्या दशकात स्वतंत्र कृष्णवर्णीयांवरील निर्बंध अधिक जाचक होत गेले. अखेर मायदेश सोडून ते पॅरिसला परतले. काही काळ प्राचीन इजिप्तच्या अभ्यासात रमल्यानंतर उतारवयात ते पुन्हा साखरेकडे वळले आणि बीटच्या साखरेसाठी त्यांनी यंत्रणेत सुधारणा केल्या. ८ ऑक्टोबर १८९४ रोजी पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले.

दूध भुकटी, कागद आणि समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी मिळविण्याच्या प्रकल्पांतही हेच तत्त्व वापरले जाते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत रस आटविण्याची यंत्रणा याच सूत्रावर चालते. तेथे वाचलेल्या वाफेमुळे बगॅस शिल्लक राहतो आणि त्यापासून वीज तयार होते.